उपासाच्या दिवशी पूर्ण सुई

बाबा, आज घटस्थापना. सकाळी उठून मी सुई उकळली, विहिरीतली डबी दोरीनं वर ओढली, बाटली तळहातांत जरा फिरवली आणि पिचकारीत औषध रोजच्या रेघेपर्यंत पूर्ण भरलं. उपासाच्या दिवशी मी अर्ध्याच्या वर कधी भरत नाही, हे तुमच्या सुनेला ठाऊक आहे. ती घटासाठी वावरातली काळी माती चाळत बसली होती. चाळणी थांबवून म्हणाली, "आज रोजच्याइतकंच भरून राह्यले का? घट हायेत ना आज?" मी हो म्हटलं आणि मांडीत टोचून घेतलं. हे औषध एकदा आत गेलं की अर्ध्या तासात पोटात काहीतरी पडावंच लागतं. ते परत काढता येत नाही आणि त्याची समजूतही घालता येत नाही. आज मला तेच पाहिजे होतं. माझ्या मनाचा भरवसा नव्हता, म्हणून आधी सुई घेऊन टाकली.

तुम्ही गेलात तेव्हा माझा थोरला अंगणात कोंबड्यांमागं पळत होता. आता तो मोट काढून विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं म्हणतो. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोललो नाही असं नाही. फुलांच्या वाफ्यात वाकलो की बोलतोच. पण लिहायला आज बसलो. चौथीपर्यंत शिकवलंत, त्याचा उपयोग मी पावत्या आणि पोथी यांच्यापलीकडे फारसा केला नाही.

तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. मी तिशीला टेकलेला, अंगानं धडधाकट, आणि महिन्याभरात असा वाळलो की माय माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि काढून घ्यायची. तहान तर अशी की मोटेचं पाणी थारोळ्यात पडायच्या आधी मी तोंड लावायचो. मोरीत लघवी केली की तिथं मुंग्या लागायच्या. गावात कुणी करणी म्हणालं, कुणी क्षय म्हणालं. तुम्ही कुणाचंच ऐकलं नाही, गाडीत कडबा पसरला, मला त्यावर निजवलं आणि अमरावतीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी लघवी तपासली, माझ्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला आणि तुम्हाला म्हणाले, "हा मधुमेह आहे, पण म्हाताऱ्या माणसांचा असतो तसा नव्हे. याच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नाही. ते बाहेरून द्यावं लागेल. रोज, जन्मभर." तुम्ही विचारलं, "जन्मभर म्हंजे किती, डाक्टरसाहेब?" ते म्हणाले, "ते तुम्ही दोघं शिकाल तसं. थोड्या वर्षांपूर्वी आला असतात, तर मी तुम्हाला नुसतं घरी पाठवलं असतं."

मग आपण दोघं शिकलो. मी एकटा शिकलो असं मी लोकांना सांगतो, पण ते खरं नाही. सुई टोचायचा सराव करायला डॉक्टरांनी संत्रं दिलं होतं. ते तुम्ही वाटेतच सोलून खाल्लंत, आणि घरी आल्यावर मळ्यातलं वांगं आणून दिलंत. मी पहिल्यांदा टोचलं तेव्हा तुम्ही वांग्याला कान लावून म्हणालात, "काही म्हणून नाही राह्यलं बुवा." त्या आजारात मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा. औषधाला ऊन चालत नाही असं कळल्यावर तुम्ही बत्तीच्या तेलाचा रिकामा डबा घासून घेतलात, त्याला झाकण बसवलंत आणि पाण्याच्या हातभर वर राहील अशा बेतानं विहिरीत सोडलात. डबा कधीच गंजून गेला, त्याच्या जागी पितळी डबी आली, पण दोरीची गाठ मी तुमचीच मारतो.

सगळ्यात जास्त तुम्हाला रमवलं ते त्या निळ्या पाण्यानं. काचेच्या नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त आणि विटेसारखं तांबडं झालं तर फार. माय म्हणायची, चुलीच्या घरात हे काय काढलं. तुम्ही नळी अंगणात नेऊन सकाळच्या उन्हाकडे धरायचे आणि आतल्या आम्हाला ओरडून सांगायचे, "आज शेपू!" कधी "आज पिवळी शेवंती!" आणि ज्या दिवशी मी लग्नाच्या पंगतीत बसून आलेलो असे त्या दिवशी, "पाह्य वं, झेंडू फुलला. आता जा घेऊन बजारात!" शेजारी विचारायचे की म्हातारा रोज सकाळी कोणती भाजी विकून राहिला.

औषध कमीजास्त कसं करायचं ते डॉक्टरांनी सावकाश समजावलं. एका दिवसाच्या रंगावर औषध बदलायचं नाही. दोन-तीन दिवस सारखा तोच रंग दिसला तर दोन रेघा वर नाहीतर दोन रेघा खाली, आणि मग पुन्हा थांबून पाहायचं. ताप आला तर खाणं कमी झालं तरी औषध सोडायचं नाही. अंगमेहनत जास्त असेल त्या दिवशी औषध कमी लागतं. हात थरथरले, घाम सुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर नळी उकळत बसायचं नाही, आधी गोड खायचं. तुम्ही मान डोलवत ऐकत होतात. बाहेर आल्यावर म्हणालात, "हे त पाण्यासारखंच हाय. वाफा वाळला म्हून आज दांडच फोडून देला, त उद्या मुळं सडतात. थोडं पाणी द्या, अन् दुसऱ्या दिवशी माती पाहा." त्यानंतर मायनं प्रत्येक भाकरीला पिठाची एकच वाटी घ्यायला सुरुवात केली, सपाट, बोटानं सारखी करून. मोटेवर उभा राहायचा दिवस आणि बाजारात बसायचा दिवस यांत किती रेघांचा फरक पडतो ते आपण एका हिवाळ्यात शिकलो. मी अंगानं पुन्हा भरत आलो. पुढच्या पावसाळ्यात घरात पोरगा झाला.

आणि मग ती नवरात्राची अष्टमी. आपल्या घरचा नवरात्राचा उपास कडक. नऊ दिवस दिवसभर पाण्यावर, आणि दिवा लागल्यावर भगर, नाहीतर उकडलेलं रताळं. घरातल्या एका पुरुषानं तो धरायचा, आणि तो तुम्ही धरत होतात. माझ्याबद्दल तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, "तुह्या वाटचाही मीच धरतो." पण मला वाटत होतं, मी वाचलो, पोरगा झाला, देवीच्या दारात फुलं विकायची आणि पोट भरून बसायचं, हे बरं नाही. कुणाला न सांगता मी त्या दिवशी उपास धरला. मायनं बांधून दिलेली भाकर पहाटे बैलापुढं टाकली. औषध मात्र पूर्ण घेतलं, कारण औषध कधी सोडायचं नाही हे डॉक्टरांनी बजावलेलं. मोटेचा दिवस कळत होता, तापाचा दिवस कळत होता, पण उपास हा त्या हिशेबातला दिवस आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. उपास देवीचा. तिचं ती पाहील. असं मी धरून चाललो.

अजूनही ती सकाळ डोळ्यांपुढं उभी राहते. अमरावतीला अंबादेवीच्या वाटेवर आपण गोणपाट अंथरून बसलो आहोत. झेंडूचे ढीग, दवानं ओले. बायका ओटीची ताटं घेऊन चालल्या आहेत. आपल्या शेजारी नारळ-बत्तासे विकणारी म्हातारी आहे, जी दर वर्षी तिथंच बसते. माझ्या हातातला तराजू जड होत जातो. मला हसू येतं, का ते कळत नाही. एक बाई पावशेर फुलं मागते आणि मी तिच्या पदरात टोपलीच उलटी करतो. ती तुमच्याकडे वळते. "पावशेर मांगतले त टोपली देऊन राह्यला. काय बुवा, पोट्टा सकाळीच पिऊन आला का?"

तुम्ही माझ्याकडे पाहता. माझा सदरा घामानं अंगाला चिकटला आहे.

"बापू, काय खाल्लं सकाळून?"

"काही नाही."

"अन् सुई?"

"घेतली. पूर्ण."

"काहून बे?"

"उपास हाय माहा."

एरवी मी तुमच्यापुढं मान वर करून बोलत नसे. पण साखर उतरली की माणूस हट्टी होतो. डोक्यात एकच गोष्ट अडकून बसते आणि ती सोडली तर सगळं जाईल असं वाटतं. तुम्ही म्हातारीच्या परडीतून मूठभर बत्तासे उचलले. ती म्हणाली, "अरे, देवीले चढवाचे हायेत ते." तुम्ही म्हणालात, "देवीच्याच दारात हावो ना, माय." तुम्ही बत्तासा माझ्या ओठांना लावला आणि मी दात आवळले. तुम्ही हनुवटी धरली, मी हात झटकला. लोक जमायला लागले. कुणी म्हणालं, बाहेरचं काही लागलं असेल, लिंबू आणा. मला तुमचा चेहरा कधी जवळ, कधी लांब दिसत होता. मग तुम्ही एक गोष्ट केलीत. हातातला बत्तासा स्वतःच्या तोंडात टाकलात. सगळ्यांच्या देखत, अष्टमीच्या सकाळी, देवळाच्या वाटेवर. मला ऐकू जावा असा कडकन चावलात. माझ्यापुढं वाकून म्हणालात, "पाह्य. माहा मोडला. आता तू कोनासाठी धरून राह्यला?"

मी तोंड उघडलं. बत्तासा जिभेवर विरघळतो तेव्हा आधी काहीच लागत नाही, नुसता गारवा. मग गोडी येते. तुम्ही एकामागून एक भरवत होतात, जसं मी माझ्या पोराला पुढं भरवलं.

परतीच्या गाडीत मी रडलो. म्हटलं, "बाबा, माह्यापायी तुमचा उपास मोडला." तुम्ही बराच वेळ बैलांशीच बोलत होतात. पोहऱ्याच्या डोंगरावर ऊन उतरत होतं. मग मागं न पाहता म्हणालात, "हा उपास माह्या बापानं धरला, तो काहून, ठाऊक हाय? पटकीत माह्ये दोन भाऊ गेले. मी उरलो. हा तरी जगू दे म्हून त्यानं देवीले नवस बोलला. लेकरू जगावं म्हून धरलेला उपास हाय तो. लेकरू डोयापुढं मरून राह्यलं, अन् मी उपास धरून बसू?" थोडं पुढं गेल्यावर म्हणालात, "अन् बैलाले भाकर कोनं चारली ते मले पहाटेच दिसलं होतं. मले वाटलं, तुह्यं पोट भरलं असंल. माह्यंच चुकलं."

डॉक्टर आपल्या दोघांवर रागावले. मला म्हणाले, "औषधाला तिथी कळत नाही." आणि तुम्हाला म्हणाले, "तुम्ही बत्तासा खाल्लात ते माझ्या सगळ्या उपचारांपेक्षा बरं केलंत, पण मुलाला पुन्हा उपासाला बसू देऊ नका." तुम्ही कबूल केलं. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा उपास धरलात, एकट्यानंच, आणि रोज सकाळी माझ्यापुढं बसून मी भाकर संपवतो की नाही ते पाहिलंत.

नंतर तिसऱ्या वर्षी कार्तिकात तुम्हाला हिवताप आला आणि तुम्ही गेलात. तेराव्याला माय भिंतीला टेकून बसली होती. कुणाकडं न पाहता, अगदी हळू, ती एकदाच म्हणाली, "अष्टमीचा मोडला होता ना." तिनं माझं नाव घेतलं नाही. पुन्हा कधी तो विषयही काढला नाही. पण पुढच्या घटस्थापनेला मी उपास धरला. गाडीतलं तुमचं बोलणं मला पाठ होतं. ते मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मलाच खात्री वाटत नव्हती. मनात कुठंतरी बसलं होतं की तुम्ही गेलात ते माझ्यासाठी खाल्लेल्या त्या बत्ताशापायी.

उपास औषधासह कसा करायचा ते मग मी शिकलो. सकाळी अर्ध्याहून कमी, दुपारी नळी उकळून पाहायची, रात्री भगर खाल्ल्यावर थोडं. रताळ्यानं झेंडू फुलतो, भगरीनं शेवंती, हे कळलं. नवरात्रात मोटेवर उभं राहायचं नाही, हेही कळलं. लढाईच्या दिवसांत अमरावतीला औषध मिळेना तेव्हा अकोल्याहून बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून आणली, आणि त्या वर्षीही उपास सोडला नाही. लोक म्हणायचे, आजारी माणूस, पण निष्ठा पाहा.  दिवा लागला की रताळं सोलून मायच माझ्यापुढं ठेवायची, आणि त्या नऊ दिवसांत तिचा चेहरा निवलेला असायचा. त्या चेहऱ्यासाठी मी आणखी कितीही वर्षं केलं असतं.

मागच्या वर्षी चैत्रात माय गेली. तरी आश्विनात मी पुन्हा बसलोच. आता कुणासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. पाचव्या माळेला दुपारी औषधाची डबी आत सोडायला विहिरीवर गेलो आणि काठाशीच पडलो. पाय आत लोंबत होते असं सांगतात. तुमच्या सुनेनं आणि पोरानं ओढून काढलं. तिनं गुळाचं पाणी आणलं आणि मी तसेच दात आवळले. पोरानं जबडा धरला, तेव्हा कुठं पाणी आत गेलं. शुद्धीवर आलो तर ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. रडत नव्हती. म्हणाली, "मामाजी होते तवा त्याइनं मोडून दाखवला. त्याइचं तुमी आयकलं. माहं कोन आयकते?" एवढं बोलून तिनं माझा घाम पुसला. वर्षभर तिनं ते पुन्हा काढलं नाही, आणि वर्षभर ते माझ्या कानातून गेलं नाही.

तर आज. सुई घेऊन झाल्यावर मी आंघोळ केली. घटात माती पसरली, गहू पेरले, झेंडूची पहिली माळ बांधली. आपल्याच मळ्यातली. दिवा लावला आणि देवीपुढं बसून, कधी बोललो नाही तसं मोठ्यानं बोललो. म्हटलं, "आई, माझ्या आजानं लेकरू जगावं म्हणून हा उपास धरला. ते लेकरू म्हातारं होऊन गेलं. त्याचं लेकरू तुझ्या दारात मरता मरता वाचलं आणि आता पन्नाशीला आलं. जे मागितलं ते तू दिलंस. आज याचं उद्यापन करतो." हात जोडून बसलो होतो तेव्हाच बोटं थरथरायला लागली. औषधाला खरंच तिथी कळत नाही.

तुमची सून दारात उभी होती. मी म्हटलं, "दोन भाकरी टाक. वाटी मोजून." ती चुलीकडे वळली, आणि भाकरी थापल्याचा आवाज आला. तुम्ही गेल्यापासून घटस्थापनेच्या सकाळी हा आवाज माझ्यासाठी कधी झाला नव्हता. पहिली भाकर तव्यावरून थेट माझ्या ताटात पडली. दिव्याकडे तोंड करून मी ती खाल्ली. दुसरीही खाल्ली. ती समोर बसून पाहत राहिली, तुम्ही पाहायचे तशी, आणि शेवटचा घास गिळल्यावर म्हणाली, "आता पाणी प्या."

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि ठेवायला जागा शोधायची तर पोरं वाचतील. वाचू देत. तुम्हाला मात्र एक सांगायचं राहिलं होतं. इतकी वर्षं लोक माझी निष्ठा पाहत होते, बाबा, आणि दर घटस्थापनेला सकाळपासून मला नुसती भूक लागलेली असायची.